घरच्यांचा रकाना

मार्तंडमामांबद्दल लिहावं असं बरीच वर्षं मनात आहे. दोनदा सुरुवात केली आणि कागद ठेवून दिला. त्यांनी काही मोठं केलं नाही आणि मला लिहिता येत नाही, अशी दोन्हीकडून अडचण. पण त्या दुकानात काम केलेल्यांपैकी आता मीच उरलो आहे, म्हणून जसं जमेल तसं लिहितो.

नागपुरात महाल भागात केळीबाग रस्त्याच्या मागच्या गल्लीत मामांचं बाइंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या. एकीत कागद कापायचं यंत्र आणि लाकडी दाबयंत्र, दुसरीत चटई टाकून शिवणकाम. मागे स्वयंपाकघर. पोळ्या झाल्या की त्याच चुलीवर मामी मैद्याची खळ शिजवायच्या. खळीत किडा लागू नये म्हणून मोरचूद घालत, आणि ते विष आहे हे विसरून कुणी बोट घालून चाटू नये म्हणून त्या पातेल्याच्या कडीला लाल चिंधी बांधलेली असे. उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा ताटवा लावला की वाळा, खळ आणि कोरा कागद यांचा मिळून एक वास यायचा. तो वास मला अजून कधी कधी उगाचच येतो. घरातल्यांना विचारलं तर त्यांना येत नाही.

आमच्याकडे वह्या बनत. शाळेच्या नव्हे, धंद्याच्या. त्यातही मुख्य माल हजेरीपुस्तकांचा. इतवारीतले कापडवाले, लकडगंजातल्या वखारी, सदरमधली हॉटेलं, सगळ्यांना नोकरांची हजेरी ठेवावी लागे, रजा लिहावी लागे, कोण किती वाजता आलं आणि गेलं ते लिहावं लागे. ते रकाने छापलेले कागद आणून आम्ही शिवायचो, पुठ्ठा लावायचो, पाठीला लाल कापड लावायचो. शहरात कोणता माणूस कोणत्या दिवशी कामावर आला नाही हे ज्या पानांवर लिहिलं जाई, ती पानं आमच्या चटईवरून गेलेली असत. आमच्या दुकानात मात्र हजेरीपुस्तक नव्हतं. त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाच कधी वाटलं नाही.

मामा बुटके होते. जाड भिंगांचा चष्मा. कागद कापताना जीभ दातांत धरायची सवय. कामाला उशीर झाला तर ते कधी रागावले नाहीत, पण पुठ्ठा काटकोनात बसला नाही की त्यांचा दिवस खराब जायचा. माझी आई, म्हणजे त्यांची बहीण, गेल्यावर बाराव्या वर्षी मी त्यांच्याकडे राहायला आलो. त्यांना मूल नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर दुकानात लागलो. लागलो तरी कसं म्हणू, एके दिवशी मामांनी शाईची दौत माझ्यापुढे सरकवली, एवढंच झालं. माझं अक्षर बरं होतं. वह्यांच्या पाठीवर नावं घालणं, पानांवर आकडे मारणं आणि दुकानाचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

एकसष्ट साली रुपराव आले. कुहीकडच्या एका खेड्यातले. घरी चार एकर शेती, ती थोरला भाऊ पाहायचा, आणि तेवढ्यात दोन कुटुंबं भागत नव्हती. हात शेतकऱ्याचे, रुंद आणि जाड. पण त्या हातात सुई आली की पाहत राहावं. त्यांनी शिवलेली वही कोणत्याही पानावर उघडून ठेवा, आपोआप मिटत नसे. गिऱ्हाईक ते बघूनच घ्यायचं. रुखमाबाई खळ लावायच्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, विधवा, तोंडाच्या फटकळ. मामी अरुंधतीबाई चूल सांभाळून उरलेल्या वेळात कागद मोजायच्या, घड्या घालायच्या. बस, एवढे आम्ही.

कामाला घड्याळ नव्हतं. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत उसंत नसे. पाटी होती, ‘मंगळवारी बंद’. मंगळवारी पुढच्या फळ्या लावलेल्या असत आणि मागच्या दाराने येऊन सगळे काम करत. दुपारी स्वयंपाकघरात एका ओळीत पाट मांडले जात. रुपरावांच्या बायकोची, गोपिकेची, दोन्ही बाळंतपणं झाली तेव्हा मामींनी डिंकाचे लाडू पाठवले. रुपरावांना कावीळ झाली तेव्हा मामा सायकलरिक्षा करून रोज त्यांच्या खोलीवर जात. पोळ्याला ते आठ दिवस गावी जात, कधी दहाही होत, आणि परत आले की मामा फक्त एवढंच विचारत, “बैल कसे सजवले रे?” कुणी काही लिहून ठेवत नव्हतं.

सहासष्ट साली महापालिकेचा माणूस एक फॉर्म देऊन गेला. दुकानांच्या कायद्याखाली नोंदणी करायची होती. त्या नोंदणीच्या कागदाला आमच्याकडे सगळे ‘गुमास्ता’ म्हणतात. गुमास्ता म्हणजे खरं तर पदरी ठेवलेला नोकर, पण आम्ही एकमेकांना विचारायचो, “गुमास्ता काढला का?” मी फॉर्म भरायला बसलो. माणसांसाठी दोन रकाने होते.

“मामा,” मी विचारलं, “एक रकाना मालकाच्या कुटुंबातल्या माणसांचा आहे आणि एक इतर कामगारांचा. रुपरावांना कुठं लिहू?”

मामा पुठ्ठा मापून राहिले होते. “कुठं म्हणजे? घरच्यांत लिही. तो काय परका आहे?”

“आणि रुखमाबाईंना?”

“तिला परकी लिहून पाहा. खळीचं पातेलं ओतेल तुझ्या डोक्यावर.”

“वतीनच,” रुखमाबाई आतून म्हणाल्या.

रुपराव सुईत दोरा ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण चेहरा उजळलेला मला दिसला. “मालक, मले घरच्यात लिवलं त रुखमाबाईच्या शिव्या बी खा लागन,” ते म्हणाले.

“त्या तू आताही खाऊनच राहिला आहेस,” मामा म्हणाले आणि सगळे हसलो.

मी घरच्यांच्या रकान्यात चार नावं लिहिली. मामी, मी, रुपराव, रुखमाबाई. कामगारांच्या रकान्यात आडवी रेघ मारली. कागदावर शिक्का बसून आला, मामांनी त्याला काच लावली आणि गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगला. दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी मी ‘बदल नाही’ असं लिहीत आलो. इन्स्पेक्टर गल्लीत आले की दारातूनच विचारायचे, “सगळे घरचेच ना?” मामा म्हणायचे, “सगळे घरचेच.” आणि ते पुढच्या दुकानात जायचे. घरच्यांनाच घेऊन दुकान चालवणाऱ्याला हजेरी, रजा, कामाचे तास यातलं काही लिहावं लागत नव्हतं. हे मामांच्या ध्यानात आलं होतं की नाही, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांना ते सोयीचं होतं हे मात्र खरं.

आता माझ्या वाटणीचं सांगायला हवं. त्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. कुटुंब म्हणजे कोण, ते तिच्यात दिलं होतं. नवरा, बायको, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. एवढेच. रुपराव त्यात बसत नव्हते, रुखमाबाई बसत नव्हत्या. भाचाही बसत नव्हता. मी ती टीप दोनदा वाचली आणि बोललो नाही.

आठ वर्षं गेली. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सरकारी छापखान्यात बाइंडरच्या जागा निघाल्या. पाच वर्षांचा अनुभव असलेल्याला वयाची सवलत होती, पण तीही पस्तिसापर्यंतच. रुपराव तेहतीस वर्षांचे होते. अशा जागा काही दर वर्षी निघत नसत. त्यांनी आम्हाला कुणाला न सांगता अर्ज केला. पोळ्यानंतर त्यांना कागदपत्रं दाखवायला बोलावलं. ते दुपारचे दुकानात परत आले आणि चप्पल न काढताच उभे राहिले. त्यांचं असं कधी होत नसे.

“केशवभाऊ,” ते मला म्हणाले, “तो गुमास्ता खाली काढा बरं.”

मी गुमास्त्याची चौकट खाली काढली. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “मह्य नाव कोन्या रकान्यात हाये?”

“घरच्यांच्या.”

“तिथल्या बाबूनं विचारलं, मार्तंडराव तुमचे कोन? म्या म्हनलं, घरचेच हो साहेब. लय ऐटीत म्हनलं. त त्यानं अर्ज बाजूला ठेवला. म्हने घरच्यानं घरच्याले देल्लं सर्टिफिकेट चालत नाई. दुकानाच्या नोंदीत कामगार म्हनून नाव दाखवा, शॉप इन्स्पेक्टरचं पत्र आना, नाई त जागा दुसऱ्याले. ह्या महिन्याच्या आखरीलोक मुदत देल्ली.”

मामा दाबयंत्राजवळ होते. त्यांनी त्याचा दांडा सोडला. “तू अर्ज केलास? मला न सांगता?”

“सांगतलं असतं त तुमी जा म्हनलं असतं मालक. अन् मंग माह्यानं जाववलं नसतं.”

मामा खोलीत फिरून येऊन पुन्हा तिथंच उभे राहिले. “तुला घरचा लिहिला हे आमचं चुकलं का?”

“चुकलं कसं म्हनू. म्या बी हासूनच घेतलं ना तवा. पन दोन पोरी हायेत जी. उद्या हे हात चालले नाई, त घरच्याले कोन ईचारते? सरकारी जागा हाये, म्हातारपनी पेन्शन हाये. मले एवढंच पायजे का कागदावर लिवा, हा मानूस इथं काम करे.”

“काम करे! तेरा वर्षं एका ताटात जेवलो आणि आता मी लिहून देऊ की हा माझा कुणी नाही, नोकर आहे?”

मामी स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. पदराला हात पुसत म्हणाल्या, “त्या रकान्यात मी पण आहे ना? मग मला विचारा. तीस वर्षं झाली. मला सुट्टी कोणत्या वारी असते हो?”

“तू मधे काय घेऊन बसलीस?”

“मधे नाही, तेच सांगून राहिले. घरच्यांना सुट्टी नसते. मी कुठं जाऊन सांगू की मी इतकी वर्षं खळ शिजवली? मला कुणी पत्र देणार नाही, नको पण मला. त्याला हवं आहे तर काहून अडवता? प्रेम आहे ना त्याच्यावर? मग त्याला माझ्या ओळीत कशाला बसवता?”

रुखमाबाईंचा हात खळीत तसाच राहिला. मग मी बोललो. त्या दुकानात त्याआधी कुणाच्या वादात मी कधी आपणहून बोलल्याचं आठवत नाही.

“मामा, खाली टीप होती. मी वाचली होती तेव्हाच. भाचासुद्धा कुटुंबात धरत नाहीत.”

“मग बोलला काहून नाहीस?”

“मलाही त्याच रकान्यात राहायचं होतं.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली ठेवलेल्या त्या चौकटीकडे. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. मग म्हणाले, “टोपी आण माझी.”

शॉप इन्स्पेक्टरचं नाव मधुकरराव. सदरमध्ये एका जुन्या इमारतीत त्यांचं टेबल होतं आणि टेबलावरचं आवकजावकचं रजिस्टर आमच्याच दुकानचं होतं. माणूस वाईट नव्हता. आम्हा तिघांना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मार्तंडराव, सोपा रस्ता सांगतो. आजच्या तारखेपासून तिघांना कामगार दाखवा. नवीन नेमणूक म्हणून. उद्यापासून हजेरी ठेवा, प्रत्येकाला रजेचं पुस्तक द्या, कामाचे तास लिहून भिंतीला लावा, आणि मंगळवारी खरंच बंद ठेवा. मागचं दार पण. झालं गेलं मी विचारत नाही.”

“आणि रुपरावचा अनुभव?”

“तो आजपासून सुरू.”

“म्हणजे त्याची जागा गेली.”

मधुकररावांनी होकारार्थी मान हलवली.

“दुसरा रस्ता?” मामांनी विचारलं.

“दुसरा म्हणजे तुम्ही लेखी द्या की सहासष्टपासून ही माणसं कामगार होती आणि नोंद चुकीची केली. मग मला विचारावंच लागेल, हजेरी कुठं? रजा कुठं लिहिली? आठवड्याची सुट्टी कोणती दिली? तुमच्याकडे काहीच नाही. खटला भरावा लागेल. कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल करावा लागेल.”

“मी नागपूरभर हजेरीची पुस्तकं विकतो, मधुकरराव.”

“म्हणून तर सोपा रस्ता सांगून राहिलो. लोक हसतील.”

रुपराव उठून उभे राहिले. “राहू द्या मालक. तुमाले कोर्टात पाठवाले नाई आलो मी. चाला घरी.”

“तू चूप बस,” मामा म्हणाले. “घरच्यासारखा मधे मधे बोलू नको.” आणि मधुकररावांना विचारलं, “खटला झाला तर याला पत्र मिळेल? महिना संपायच्या आत?”

“दुरुस्ती पटली तर मिळेल. पण पटायला पाहिजे. नाव आहे, ते घरचा म्हणून आहे. घरचा माणूस दुकानात काम करतोच असं नाही. नोकरीसाठी खोटं लिहून देणारे माझ्याकडे रोज येतात. याच्या हातचं काही आहे तुमच्याकडे? सही, पावती, काही?”

मामांनी नाही म्हणायला मान हलवली आणि मधेच थांबले. “आहे,” ते म्हणाले. “पण माझ्याकडे नाही. गिऱ्हाइकांकडे आहे.”

आमच्या दुकानात एक पद्धत होती. वही शिवून झाली की शेवटच्या पुठ्ठ्यावर, आतून कागद चिकटवायच्या आधी, शिवणाऱ्यानं पेन्सिलीनं आपली खूण करायची आणि साल टाकायचं. वरून कागद बसला की ती कायमची झाकली जाई. एखादी वही उसवून परत आली तर मामा तो कागद सोलून बघत, कोणाच्या हातची आहे. रुपरावांची खूण बैलाची दोन शिंगं.

“तुम्ही सांगाल ते दुकान,” मामा म्हणाले. “तुम्ही सांगाल ती वही. मी तुमच्यासमोर सोलून दाखवतो.”

मधुकररावांना यात गंमत वाटली असावी. “उद्या लकडगंजात एका लाकडाच्या वखारीत मला तपासणीला जायचं आहे. तिथं आहे तुमचा माल?”

“पंधरा वर्षांचा आहे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही वखारीत गेलो. सागाच्या ओंडक्यांमधून वाट काढत ऑफिसात पोचलो तेव्हा शेटजी चहा पीत होते. इन्स्पेक्टरबरोबर बाइंडर पाहून ते गोंधळले. मधुकररावांनी जुनी हजेरीपुस्तकं मागवली आणि त्यातून स्वतःच एक ओढलं. सदुसष्टचं. मामांनी खिशातून पातळ सुरी काढली, पाण्याचा हात लावला आणि शेवटच्या पानाखाली सुरी सरकवली.

“अरे मार्तंडराव, मेरा रजिस्टर काहे को फाड रहे हो?” शेटजी ओरडले.

“नवीन बांधून देतो शेटजी, फुकट. थोडं थांबा.”

कागद हळूहळू सुटत गेला. सात वर्षांची वाळलेली खळ होती. मामांची जीभ दातांत होती. रुपराव माझ्याशेजारी उभे होते आणि त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. पुठ्ठा उघडा झाला. दोन शिंगं, त्याखाली ६७.

मधुकररावांनी आणखी तीन वह्या निवडल्या. एकोणसत्तर, एकाहत्तर, त्र्याहत्तर. तिन्हींमध्येही शिंगं. एकाहत्तरच्या वहीत शिंगांना गोंडे काढलेले होते. मधुकररावांनी विचारलं हे काय, तर रुपराव लाजून म्हणाले, “तवा पोया जवळ होता साहेब.”

“पुरे,” मधुकरराव म्हणाले. त्यांनी तिथंच शेटजींच्या टेबलावर कागद घेतला. मामांनी आपलं म्हणणं सांगितलं आणि ते मी लिहिलं. रुपराव आणि रुखमाबाई हे सहासष्टपासून माझ्या दुकानात पगारी कामगार आहेत, रुपराव त्याआधीपासून. त्यांना आठवड्याची सुट्टी दिली नाही. हजेरी व रजेची नोंद ठेवली नाही. ही चूक माझी आहे. मग मामा थांबले आणि म्हणाले, “माझा भाचा केशव हाही कामगार आहे, हे पण लिही.” मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. ‘चूक माझी’ याच्या जागी माझं नाव घाला असं मला म्हणायचं होतं, पण मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. मामांनी सही केली.

पत्र तीन दिवसांत मिळालं. रुपराव ऑक्टोबरात छापखान्यात रुजू झाले. खटला हिवाळ्यात उभा राहिला. मामा काळा कोट आणि टोपी घालून गेले. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर ते इतक्या जोरात ‘कबूल’ म्हणाले की मागच्या बाकावरचे लोक हसले. दंड किरकोळ होता. गल्लीत मात्र पुढे कितीतरी दिवस कुणी ना कुणी हटकायचं, “काय मार्तंडराव, कोर्टानं हजेरी घेतली म्हणे तुमची?” मामा म्हणायचे, “घेतली. हजर होतो.”

त्यानंतर आमच्याकडे हजेरीपुस्तक आलं. रोज सकाळी मामा स्वतः नावं पुकारत. समोर चारच माणसं बसलेली असताना मोठ्यानं पुकारत, आणि मी समोरच असलो तरी ‘केशव’ म्हणून थांबत, मी ‘हजर’ म्हणेपर्यंत. पहिल्याच मंगळवारी रुखमाबाई सवयीनं मागच्या दारानं आल्या, तर दाराला कुलूप. “घरी बसून करू काय मी?” त्या रस्त्यातूनच ओरडल्या. मामी खिडकीतून म्हणाल्या, “झोप काढा वं!” पुढे त्या मंगळवारी आपल्या बहिणीकडे पारडीला जाऊ लागल्या आणि तिथले किस्से बुधवारी दिवसभर सांगायच्या. मामींना मात्र सुट्टी शेवटपर्यंत मिळाली नाही. त्यांच्या रकान्यात त्या एकट्याच उरल्या. मामा कधी कधी मंगळवारी चहा करायचे, आणि तो चांगला होत नसे.

रुपरावांच्या जागी दोन माणसं ठेवावी लागली. वह्या चांगल्याच होत, पण मध्ये उघडून ठेवल्या की मिटायच्या. मामा शहाऐंशी साली गेले. त्यानंतर चार वर्षं मी दुकान चालवलं. मला ते नीट चालवता आलं नाही असं अजूनही वाटतं. त्यांच्या तेराव्याला रुपराव सहकुटुंब आले होते आणि पाट मांडण्यापासून सगळं त्यांनीच केलं, पण ते सांगायला मी हे लिहायला घेतलं नव्हतं. मला सांगायचा होता तो त्यांच्या नोकरीचा पहिला रविवार.

त्या दिवशी छापखान्याला सुट्टी, आमचं दुकान चालू. दुपारी रुपराव आले. अंगात नवा शर्ट. सवयीनं चटईकडे वळले आणि तिथं नवीन माणूस बसलेला पाहून थबकले. मामांनी त्यांना खुर्ची दिली. त्या दुकानात ते तेरा वर्षांत खुर्चीवर बसलेले मी पाहिले नव्हते. मामींनी कपबशीतून चहा आणला.

“बाई, मले ग्लासातच द्या,” ते म्हणाले. मामी आत जाऊन ग्लासात ओतून घेऊन आल्या.

मग मामांनी विचारलं, “तिकडे हजेरी कोण घेतं?”

“घेत नाई कोनी. मस्टरवर सही करतो जी. सकाळी एक, जाताना एक.”

“सही? तू?”

“मंग!”

मामांनी माझ्यापुढची दौत आणि टाक उचलला, मागे पडलेला एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. “कर पाहू.”

रुपरावांनी हात पँटला पुसला. खुर्चीवरून उतरून खाली मांडी घातली, कागद पाटावर सरळ केला आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं. रुपराव लक्ष्मण भोयर. वहीवर शिंगं आणि सालाचे आकडे यांखेरीज त्यांच्या हातचं काही मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांचं आडनाव त्या दुकानात कधी कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला. चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला.

“चांगली आहे,” ते म्हणाले. “पण भोयरच्या ‘भ’ची गाठ सुटली आहे, बघ.”

“शिकून राहिलो जी,” रुपराव म्हणाले.